मिशीएवढा फोटो

शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सासऱ्यांनी संप पुकारला.

"आजपासून मी बसणार नाही," ते म्हणाले.

परीक्षकाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि तळाला गेलं. ते काढायचंही त्याला सुचलं नाही. आजच्या दिवशी सासरे बसले नाहीत, तर सगळाच कारभार आटोपला असता.

परीक्षक दिवसभर एका विमा कचेरीत दाव्यांच्या फायली तपासायचा, पण ते नुसतं पोटासाठी. त्याचा जीव होता तो हौशी छायाचित्रकारांच्या मासिकात. दर महिन्याला एक नवा कॅमेरा त्याच्याकडे यायचा, तो त्याची कसून तपासणी करायचा आणि घ्यावा की न घ्यावा ते वाचकांना सांगायचा. बाकीचे परीक्षक काळ्यापांढऱ्या रेघांचे तक्ते भिंतीला चिकटवून त्यांचे फोटो काढतात. आमचा परीक्षक सासऱ्यांच्या मिशीचा फोटो काढायचा.

हसू नका, यात शास्त्र होतं. सासरे निवृत्त वजनमापे निरीक्षक. सगळा जन्म तराजूसमोर बसून काटा स्थिर व्हायची वाट बघण्यात गेलेला, त्यामुळे खुर्चीत बसवलं की ढिम्म हलायचे नाहीत. आणि मिशी अशी, की तिच्यात पांढरे, काळे आणि थोडे तांबूस केस एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी नांदत होते. चांगल्या कॅमेऱ्यात केस न् केस सुटा दिसायचा, मध्यम कॅमेऱ्यात मिशीचा ब्रश व्हायचा आणि भिकार कॅमेऱ्यात सासऱ्यांनी दूध पिऊन तोंड पुसलेलं नाही असं वाटायचं. वाचकांना तर ही मिशी इतकी पाठ झाली होती, की ते आधी मिशी बघायचे आणि मग, वेळ असला तर, लेख वाचायचे.

"बाबा, असं काय करता? आजच तर खरी गरज आहे!"

"इतकी वर्षं बसतोय," सासरे म्हणाले. "माझ्या वाट्याला काय आलं? मिशी. एकदा डावा कान. गेल्या वर्षी नाकावरचा तीळ, तोही पानभर."

"तो तीळ फार गाजला बाबा! लोकांची पत्रं आली."

"तिळाला आली. मला नाही." सासऱ्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे सासूबाईंचा फोटो होता, मान जराशी कलती करून हसणारा. "हिच्या शेजारी लावायला मला माझा एक आख्खा फोटो पाहिजे. कपाळापासून हनुवटीपर्यंत. मिशीएवढा नाही, माणसाएवढा. तो आधी काढायचा, मग तुमची मिशी."

स्वयंपाकघरातून परीक्षकाची बायको हात पुसत बाहेर आली. "बरोबरच आहे बाबांचं. अहो, आज तो फोटो झाला नाही ना, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिची पुरी झालेली वाक्यं परीक्षक सहज पचवायचा. अर्धवट राहिलेल्यांची त्याला धास्ती वाटायची.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. परीक्षकाला सासऱ्यांची भीती वाटायची. लग्न ठरवताना त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर खोट्या वजनाकडे बघायची होती, आणि ती पुढेही निवळली आहे असं त्याला कधी जाणवलं नाही. सासूबाई गेल्यावर सासरे लेकीजावयाकडे राहायला आले. तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं व्हायचं ते एवढंच: "हनुवटी जरा वर, बाबा," आणि "बरं." आपण या माणसाच्या मापाला उतरलेलो नाही, ही बोच परीक्षकाला होती. आज त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

आणि कॅमेराही तसाच होता. बुधवारी तो घरात आल्यापासून परीक्षक नीट जेवला नव्हता. अंघोळीच्या साबणाएवढा जीव, शर्टाच्या खिशात मावेल असा, पण हातात घेतल्यावर भारदस्त. त्याची चक्रं अशी फिरायची, की बोटांना तेच एक सुख पुरे होतं. समोरच्या इमारतीच्या विटांचा त्याने फोटो काढला, तर एका विटेच्या कोपऱ्यात साखरेचा कण ओढून नेणारी मुंगी सापडली. परीक्षकाने त्या मुंगीला हात जोडले. मग कॅमेरा कपाटात ठेवून दार लावून पाहिलं, तर आतल्या काळोखात कोटाची गुंडी आणि गुंडीचा दोरा दिसला. एवढं करून आवाज म्हणाल तर अजिबात नाही! फोटो निघाला की नाही ते काढणाऱ्यालाही कळायचं नाही. "हे यंत्र नाही, हा कुणीतरी सिद्धपुरुष आहे," असं तो बायकोला म्हणाला. किंमत मात्र त्याने घरात सांगितली नव्हती.

उणीव एकच. हा नमुना परदेशातून थेट आलेला, त्यामुळे त्यातली सगळी अक्षरं तिकडची. प्रत्येक अक्षर एखाद्या छोट्या घरासारखं, खिडक्यादारांसकट. माहितीपुस्तकही त्याच लिपीत. परीक्षकाला त्याचं दुःख नव्हतं. जातिवंत परीक्षक माहितीपुस्तक वाचत नाही, असं त्याचं मत होतंच. काढलेला फोटो पडद्यावर लगेच दाखवायची सोयही त्याने चाचपडत बंद करून टाकली होती, कारण सारखं पडद्यात डोकावणं हे नवशिक्यांचं काम, असं त्याने एका लेखात ठणकावून लिहिलं होतं. संध्याकाळी कंपनीचा माणूस कॅमेरा परत न्यायला येणार होता. हातात दिवस एवढाच.

खिडकीशेजारी नेहमीची खुर्ची मांडली गेली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून बसले. परीक्षकाने ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला आणि चेहऱ्यावर फोकस पक्का करावा म्हणून दोनचार बटणं दाबली. पडद्यावर सासऱ्यांच्या चेहऱ्याचं छोटंसं चित्र आलं आणि खाली काहीतरी विचारलं गेलं. परीक्षकाने 'हो' वाटणारं बटण दाबलं. पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा हो. कळलं नाही की हो म्हणायचं, ही सवय त्याला संसारात लागलेली होती.

मग त्याने शटर दाबलं. फोटो निघण्याऐवजी सासऱ्यांच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट उमटली, आणि बाजूला एक मोजपट्टी आली. पट्टीच्या वरच्या टोकाला एक हसरं तोंड होतं. काटा अगदी तळाला, शून्यावर.

"हे काय आता?"

बायको वाकून बघायला लागली. "अहो, हे तोंड हसतंय ना, म्हणजे बाबा हसल्याशिवाय फोटो निघणार नाही."

"छे! असं कुठे असतं?" परीक्षक म्हणाला आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर जाऊन दात काढून उभा राहिला. कॅमेऱ्याने त्याची दखल घेतली नाही. मग बायको हसून बघून आली. तिच्याकडेही चौकट फिरकली नाही. परीक्षकाने मघाशी हो हो म्हणत सासऱ्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या ओळखीचा करून दिला होता, आणि आता कॅमेऱ्याला त्या एकाच माणसाचं हसू हवं होतं. बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, पण गडी इमानी निघाला. परत आला तो पुन्हा सासऱ्यांकडेच बघत.

"बाबा, जरा हसता का?"

"कशाला?"

"फोटोसाठी."

"फोटो तर हसण्यासाठी अडलाय म्हणता. मग हसण्याला कारण काय?"

तरी सासऱ्यांनी माणुसकीने प्रयत्न केला. मिशीची दोन्ही टोकं एखादं जड झाकण उचलावं तशी वर गेली आणि तिथे थांबली. काटा किंचित थरथरला आणि परत शून्यावर आला.

"नाही घेत," परीक्षक म्हणाला.

"का?"

"त्याला ते खरं वाटलं नाही."

सासऱ्यांनी मिशी खाली सोडली आणि प्रथमच कॅमेऱ्याकडे आदराने पाहिलं. "खोटं माप धरलं त्याने! मी सगळी नोकरी असा एक काटा शोधत होतो."

बायको पोळ्या करायला आत गेली, आणि दोघे त्या चिमुकल्या यंत्राकडे बघत राहिले. हसू खरं की उसनं, हे काचेच्या एका भिंगाला कळत होतं! पण कौतुकाने फोटो निघत नसतो, म्हणून त्याने कचेरीतला एक विनोद सांगायला घेतला. एका माणसाने छत्री हरवल्याचा विमा दावा केला, आणि दाव्याचा कागद भिजू नये म्हणून तो त्याच छत्रीतून आला, असा तो विनोद होता. कचेरीत यावर साहेबसुद्धा हसले होते.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग दावा मंजूर झाला का?"

"नाही बाबा."

"योग्य केलंत."

एवढ्यात परीक्षकाला दिसलं, की पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा मघापेक्षा कमी झालाय. ही बॅटरी असणार! तो चार्जर आणायला धावला. चार्जर पलंगाखाली गेला होता. त्याने खोलीतच गुडघ्यावर बसून पलंगाखाली मुंडकं घातलं, चार्जर ओढला, वर येताना डोकं आपटलं, आणि "आई गं" म्हणत वळून बघतो तर सासरे जसेच्या तसे, चेहरा दगडी.

"लागलं का?"

"नाही, नाही."

आकडा आणखी उतरला होता. परीक्षक घाबरला. उजेड कमी पडत असेल म्हणून खिडकीचा पडदा सारायला तो स्टुलावर चढला. पडदा अडकलेला होता. त्याने हिसका दिला तर दांडीसकट सगळा पडदा त्याच्या डोक्यावर आला. काही वेळ खोलीच्या मधोमध एक फुलाफुलांचा पडदा हातपाय मारत फिरत होता. त्यातून परीक्षकाचं तोंड बाहेर पडलं, तेव्हा सासरे खिडकीबाहेर बघत होते.

"उजेड आला," ते म्हणाले.

आवाज ऐकून बायको बाहेर आली, आणि दुपारची जेवणं होताच तिने वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावून आणलं. हे काका हास्यमंडळाचे अध्यक्ष. रोज सकाळी बागेत वीसपंचवीस माणसांना हात वर करून हसवायचे. त्यांनी बाह्या सारल्या. "हसणं संसर्गजन्य असतं. बघाच तुम्ही! तुम्हीही या हो, माझ्याबरोबर." त्यांनी परीक्षकाला शेजारी उभं केलं, दोघांनी सासऱ्यांसमोर हात आभाळात नेले आणि "हा हा हा! हो हो हो!" सुरू केलं. काकांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. परीक्षकाला उचकी लागली.

"यांना कुणीतरी पाणी द्या," सासरे गंभीरपणे म्हणाले.

बायकोने आणलेलं पाणी पिऊन काका अपमानित होऊन निघाले, आणि बायको पेले ठेवायला आत गेली. त्यांना दारापर्यंत पोचवताना परीक्षक दर पावलाला उचकी देत होता. परत येऊन बघतो तर कॅमेऱ्यातला आकडा शून्य झालेला. चार्जर लावूनही शून्य! आता पिवळी चौकटही येईना. परीक्षकाने हात टेकले. तो सासऱ्यांसमोर जमिनीवरच बसला.

"बाबा, मला माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही एवढीशी गोष्ट मागितलीत, आणि जगातला सगळ्यात चांगला कॅमेरा हातात असून मला ती जमली नाही. तुम्हाला पहिल्यापासून वाटतंय तसाच आहे मी. मापात कमी."

सासरे काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बेल वाजली. कंपनीचा माणूस आला होता.

तो तरुण, चटपटीत आणि सगळ्यांना सर म्हणणारा होता. परीक्षकाची हकिकत त्याने तोंड मिटून ऐकली, पण खांदे हलायचे राहिले नाहीत. मग त्याने कॅमेरा हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि भुवया वर केल्या.

"सर, हा चालत नाहीये कारण कार्ड भरलंय."

"अशक्य! सकाळपासून एकही फोटो निघालेला नाही."

"एक नाही, सर. शंभराच्या वर निघालेत. हा आकडा बॅटरीचा नाही, अजून किती फोटो बसतील त्याचा आहे."

सासरे एकदम सदऱ्याची गुंडी चाचपायला लागले.

परीक्षकाने कार्ड संगणकाला लावलं. आजच्यातला एक फोटो उघडला आणि जन्माच्या सवयीने आधी मिशीवर नेऊन मोठा केला. केस न् केस सुटा होता. एवढी स्वच्छ मिशी त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तांबूस केसावरचा उजेडसुद्धा वेगळा मोजता येत होता. "अहाहा!" तो पुटपुटला. "कडा बघा. काठावरसुद्धा कुठे फाटत नाही."

"अहो, लहान करा ना तो!" बायको ओरडली. "आख्खा दाखवा आधी!"

त्याने फोटो लहान केला.

सासरे हसत होते. मिशी वर गेलेली, डोळे बारीक झालेले, गालांवर कधी न पाहिलेल्या दोन खळ्या. आणि चौकटीच्या कडेला, धूसर, पलंगाखाली मुंडकं घातलेल्या परीक्षकाची मागची बाजू.

पुढचा फोटो. परीक्षक पडद्यात गुरफटलेला, सासरे पोट धरून. त्याच्या पुढचा. अध्यक्ष आणि परीक्षक दाराकडे पाठमोरे चाललेले, त्यांच्यामागे सासरे तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय. परीक्षक जिथे जिथे वळला होता, तिथे तिथे सासरे हसले होते, आणि तो वळून बघेपर्यंत चेहऱ्यावर पुन्हा कुलूप. कॅमेऱ्याने मात्र प्रत्येक हसू बिनआवाज टिपून ठेवलं होतं. काही फोटो बुधवारच्या मुंगीपेक्षाही जास्त बघण्यासारखे होते.

बायकोने तोंडावर हात ठेवला. "आई गेल्यापासून मी तुम्हाला असं पाहिलं नव्हतं हो बाबा," ती म्हणाली.

परीक्षक पडद्याकडे आ वासून बघत होता. इतकी वर्षं तो या चेहऱ्यासमोर भिंग घेऊन उभा राहिला होता. त्यातला केस न् केस त्याला ठाऊक होता आणि चेहरा मात्र तो आज पहिल्यांदा बघत होता. "बाबा, तुम्ही... मला हसत होता?"

"मग काय करू?" सासरे अपराध्यासारखे म्हणाले. "तुम्ही माझ्या मिशीकडे बघत होता आणि मी तुमच्याकडे. आज नाही, पहिल्या कॅमेऱ्यापासून. एकदा तुम्ही लेन्सचं झाकण न काढता अर्धा तास उजेडाला शिव्या देत होता, आठवतं? त्या दिवशी मला रात्री जेवण गेलं नाही, इतकं पोट दुखलं."

"पण मग तोंडावर का नाही हसलात कधी?"

"तोंडावर हसलो असतो, तर तुम्ही थांबला असता." सासऱ्यांनी घसा खाकरला. "आणि ते माप वगैरे काय म्हणत होता मघाशी? ज्याचं माप बरोबर असायचं त्या दुकानदाराला मी कधी काही बोललो नाही. शिक्का मारायचा आणि पुढे जायचं. बोलणी खायला चुकीची मापं असायची. बरोबर असलेल्याला ते तोंडाने सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

परीक्षकाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

फोटो निवडायचं काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. एकाहून एक सरस होते; एकात तर नुसते सासरे, खिडकीचा उजेड गालावर, चौकटीत आणखी कुणी नाही. बायको आणि परीक्षक दोघांनीही त्याच्यावर बोट ठेवलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि पलंगाखालच्या फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, हा समोरच्या खोलीत लावायचा?" बायको म्हणाली. "अर्ध्या फोटोत यांचं... येणारेजाणारे हसतील!"

"हसू देत. हा फोटो बघून तुझी आई सगळ्यांच्या आधी हसली असती."

कंपनीच्या माणसाने कॅमेरा डबीत ठेवला, पण त्याचा पाय निघेना. "सर, तुमचं परीक्षण यायचं तेव्हा येईल," तो दारात थांबून म्हणाला. "पण मला वरच्यांना काहीतरी सांगायला हवं. एका वाक्यात, कसा आहे कॅमेरा?"

परीक्षकाने आजवर कॅमेऱ्यांवर इतकं लिहिलं होतं, की एकत्र बांधलं असतं तर चार ग्रंथ झाले असते. आज त्याने चार वाक्यं सुरू केली आणि चारही अर्ध्यात सोडली. तेव्हा सासरे खुर्चीतून उठले आणि त्यांनी नोकरीतला जुना, करडा आवाज लावला.

"कॅमेरा चोख आहे. पण गिऱ्हाइकाची फसवणूक नको, म्हणून डब्यावर स्पष्ट छापा, की सोबत असा जावई असल्याशिवाय तो चालत नाही."

आणि एवढं बोलून ते जावयाच्या तोंडावर हसले, अगदी समोरासमोर, दोन्ही खळ्यांसकट. कार्ड भरलेलं होतं आणि कॅमेरा डबीत गेला होता, त्यामुळे तेवढं एकच हसू परीक्षकाला नुसत्या डोळ्यांनी बघावं लागलं.